जिवाणू खतांच्या बाटल्या: आमच्या रानांत वापरून काय दिसलं

मृग जवळ आला की मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो, "काकी, ते जिवाणूंचं औषध घ्यावं का?" विचारणारे पुतणे-भाचे असतात, बचत गटातल्या बायका असतात, परवा तर कारखान्याच्या स्लिपबॉयनंही विचारलं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कडधान्यांच्या मुळांत नत्र बांधणारं रायझोबियम, स्फुरद म्हणजे फॉस्फरस विरघळवणारे जिवाणू म्हणजे पीएसबी, उसाचं अ‍ॅसिटोबॅक्टर आणि पाचट म्हणजे उसाचा वाळला पाला कुजवायचं संवर्धन ही चारही मी आमच्या शेतात वापरली आहेत. बाटली खरी असेल तर माल चांगला आहे. पण पैसे वसूल होणार की नाही हे बाटली ठरवत नाही. ज्या रानात ती जाणार त्या रानाला मागची दहा-वीस वर्षं आपण काय खाऊ घातलं, किती उलथलं, किती पाणी पाजलं, त्यावर ते ठरतं. हे मी एकाच प्रकारच्या बाटल्या वेगवेगळ्या रानांत वापरून पाहिलं आहे, म्हणून ठामपणे सांगते.

आमचं रान सांगलीच्या पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठापासून वर माळापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं आहे. नदीकडचं काळं रान, तिथं पिढ्यान्‌पिढ्या ऊस. त्याच्या वर मधली पट्टी, तिथं सोयाबीन आणि त्यावर हरभरा, मधूनच शाळू. तिसरा तुकडा द्राक्षबागेचा, बाग म्हातारी झाली म्हणून काढून टाकलेली. आणि सगळ्यात वर माळ, मुरमाड, गवताचा. चारही तुकड्यांवर पाऊस तोच, हात तेच. फरक आहे तो त्या मातीचा आजवर कसा वापर झाला याचा.

आधी खरेदीबद्दल. मी बाटल्या कृषी संशोधन केंद्राच्या विक्री काउंटरवरून आणते, कारण तिथं माल पडून राहत नाही. लेबलवर तीन गोष्टी बघायच्या: तयार केल्याची तारीख, वापरायची मुदत आणि जिवाणूंची संख्या. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप रायझोबियमच्या एका मिलिलिटरमध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, पावडरीच्या एका ग्रॅममध्ये पाच कोटी. 'जिवंत' या शब्दावर सगळा व्यवहार आहे. आमच्या बाजारातल्या एका दुकानात याच बाटल्या पश्चिमेकडच्या काचेच्या कपाटात मांडलेल्या असतात, दुपारभर त्यांच्यावर ऊन. लेबल कितीही सुंदर असलं तरी त्या बाटलीत काय उरलं असेल? तिथून मी एकही घेतली नाही. घरी आणल्यावर बाटल्या माठाशेजारी अंधाऱ्या कोपऱ्यात राहतात. कीटकनाशकांच्या फळीवर ठेवू नका, आणि ज्या पंपातून बुरशीनाशक मारलं त्यात तर अजिबात ओतू नका.

किमतीचं म्हणाल तर डीएपीचं पोतं १३५० रुपयांचं. लिटरभर जिवाणू खताला मला त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकेही पैसे कधी पडलेले नाहीत. स्वस्त आहे म्हणूनच लोक फार विचार न करता घेतात आणि पाटाच्या पाण्यात सोडून मोकळे होतात. इथं एक हिशोब मांडते, माझ्या मुलानं कॅल्क्युलेटरवर करून दाखवला होता. एक लिटर बाटलीत दहा हजार कोटी जिवाणू. एक एकराची वरची वीतभर माती भरते सुमारे नऊ लाख किलो. म्हणजे बाटली सगळ्या रानात सारखी पसरली तर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला शंभर-सव्वाशे जीव येतात. त्याच एका ग्रॅममध्ये आधीपासून कोट्यवधी जिवाणू राहत असतात. त्या गर्दीत नव्यांचा निभाव कसा लागणार?

आता तीच बाटली बियाण्याला लावा. दहा किलो सोयाबीनला मी १०० मिली घेते. दहा किलोत साधारण ऐंशी हजार दाणे, म्हणजे एका दाण्यावर लाखाच्या वर जिवाणू बसतात, आणि कोवळं मूळ फुटतं ते त्यांच्यामधूनच. म्हणून माझं पहिलं सांगणं, कडधान्याच्या आणि सोयाबीनच्या बाटलीचा पैसा बीजप्रक्रियेत घाला. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर, जिवाणू सगळ्यात शेवटी. सावलीत वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं, पोत्यात घालून रगडू नका. ताडपत्रीवर पसरून हलक्या हातानं वरखाली करा.

सगळ्यात स्पष्ट फरक मला काढलेल्या द्राक्षबागेत दिसला. त्या तुकड्यात सोयाबीन पूर्वी कधीच नव्हतं. बागेला दरवर्षी शेणखत पडायचं, त्यामुळे माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या शेण-पाल्यातून मातीत राहिलेला कर्ब, ०.६ टक्क्यांच्या वर होता. पण त्याच कार्डावर तांबं ११ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग मातीत ११ भाग, आलं. पिकाला ०.२ पुरतं. हे तांबं बोर्डोचं. छाटणीनंतर ढगाळ हवा आली, डाऊनी म्हणजे केवडा रोगाची भीती वाटली की बागेवर मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण बसायचं. तांबं मातीत खाली उतरत नाही, विरत नाही, वरच्या थरात धरून राहतं, आणि जिवाणू-बुरशांना तेच सोसत नाही. त्यामुळे इथं बाटली चालेल असं मला वाटत नव्हतं.

फुले संगम पेरलं, केडीएस ७२६. वाण आमच्याच जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या केंद्रातलं. बांधाकडच्या काही ओळी मुद्दाम बिनप्रक्रियेच्या ठेवल्या. फुलोऱ्याच्या सुमाराला दोन्हीकडची झाडं खुरप्यानं मातीसकट उचलली, बादलीत मुळं धुतली. बिनप्रक्रियेच्या मुळांवर गाठी जवळपास नव्हत्याच, झाडही फिकट हिरवं. प्रक्रियेच्या झाडांना सोटमुळाभोवती गाठींचा घोस. नखानं फोडली की आत गुलाबी-लाल. तो रंग महत्त्वाचा आहे. गाठीत हवेतला नत्र बांधण्याचं काम चालू असेल तरच आत लाली असते. आतून पांढरी किंवा हिरवट गाठ म्हणजे काम बंद. त्या वर्षी प्रक्रियेच्या ओळींना मी वरून युरिया दिला नाही, आणि शेंगा धरताना त्या बाजूच्या पानांचा हिरवेपणा बांधावरून चालणाऱ्यालाही कळत होता.

याचं कारण मला केंद्रातल्या मॅडमनी समजावलं. सोयाबीन हे इथलं मूळ पीक नाही. त्याच्या गाठीत राहणारा जिवाणू, ब्रॅडिरायझोबियम, आपल्या मातीत आपोआप भरपूर असतोच असं नाही. हरभऱ्याचा वेगळा, तूर-मूग-चवळीचा वेगळा, मेथी-लसूणघासाचा वेगळा. काउंटरवर नुसतं "रायझोबियम द्या" म्हणून चालत नाही, कुठल्या पिकाला ते सांगावं लागतं. ज्या रानात ते पीक पहिल्यांदाच येतंय, तिथं ही बाटली चुकवू नका. माझे गुण पाचपैकी पाच.

मग मधली पट्टी. कर्ब ०.६८, भुसभुशीत, गांडुळांच्या विष्ठेनं भरलेली, आमच्या घरची सगळ्यात लाडकी जमीन. तिथंही तसाच प्रयोग केला आणि फरक अगदी थोडा आला. बिनप्रक्रियेच्या झाडांनाही भरपूर गाठी, त्याही लालच. कारण तिथं सोयाबीन आणि हरभरा आलटून पालटून वर्षानुवर्षं आलेत आणि दोन्हींचे जिवाणू त्या मातीत वस्ती करून आहेत. एकदा आलेली वस्ती पुढच्या पिकापर्यंत टिकते, कारण त्यांना खायला आहे: सोयाबीनचा पालापाचोळा, हरभऱ्याची मुळं, दर दोन वर्षांनी उकिरड्याचं कुजलेलं खत. बापजादे हरभऱ्याच्या बेवडावर दुसरं पीक घ्यायला का धावायचे, ते अशा रानात खुरपं घातलं की कळतं. इथं मी बाटली लावते ती स्वस्तातला विमा म्हणून, आणि एखादं वर्ष राहिली तरी मनाला लावून घेत नाही. पाचपैकी तीन. हे तीन गुण मातीला आधीच सगळं मिळालेलं आहे म्हणून, माल कमी पडला म्हणून नाहीत.

आता नदीकडचं काळं रान. इथं मी थोडी थांबणार आहे, कारण आमच्या भागातल्या बहुतेकांचं रान असंच आहे.

लागण, मग तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारा खोडवा, पुन्हा लागण. पाटपाणी सरी काठोकाठ भरेपर्यंत. पाचट पेटवायचं, कारण पुढची मशागत सोपी होते. दर लागणीला नांगर, वर रोटाव्हेटरच्या फेऱ्या, आणि डीएपी-युरियाची पोती. २०१९ च्या महापुरात हे रान पाण्याखाली होतं. माती परीक्षणात कर्ब ०.४२, सामू म्हणजे पीएच ८.४, क्षारता म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप १.३. खालच्या टोकाला उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं फुटतं. ढेकूळ हातात घेतलं तर विळ्यानं कापावं लागेल इतकं घट्ट, आणि पाणी दिल्यावर तोच चिखल दोन-तीन दिवस वाफशावर येत नाही.

तिथं को ८६०३२ या उसाच्या वाणाच्या लागणीला बेणं आधी बुरशीनाशकाच्या पाण्यात, मग अ‍ॅसिटोबॅक्टर आणि पीएसबीच्या पाण्यात अर्धा तास बुडवून घेतलं. ही प्रक्रिया केली तर नत्र निम्म्यावर आणि स्फुरद पाऊणपट आणा अशी शिफारस आहे. घरात निम्म्याला कुणी तयार होईना. भाऊजी तर म्हणाले, "वहिनी, बाटलीतल्या पाण्यानं ऊस वाढतोय व्हय?" शेवटी काही सऱ्यांना युरिया पाव हिस्सा कमी करायचं ठरलं.

वरच्या अंगाला, जिथं पाण्याचा निचरा बरा आहे, तिथं कमी युरियाच्या सऱ्या तोडणीपर्यंत बाकीच्या सऱ्यांच्या तोडीस तोड राहिल्या. तेवढा युरिया वाचला. खालच्या अंगाला, पांढरं फुटतं तिथं, फुटवेच कमी निघाले. तिथं पीएसबीचा काही उपयोग झाल्याचं मला दिसलं नाही.

असं का झालं ते शोधताना बरंच शिकायला मिळालं. अ‍ॅसिटोबॅक्टर उसात नत्र बांधतो हे १९८८ साली ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवलं. हा जिवाणू मातीत कमी आणि उसाच्या आत, कांडीत-मुळात जास्त राहतो. त्यामुळे मातीच्या क्षाराचा त्याला थेट त्रास थोडा कमी. पण उसाला युरियाचा भरपूर डोस मिळाला की आतली त्याची संख्या घटते. म्हणजे बाटलीही लावायची आणि युरियाही पूर्ण टाकायचा, तर बाटलीचे पैसे पाण्यात. पीएसबीचं वेगळं आहे. तो मातीत राहतो, सेंद्रिय आम्लं सोडतो आणि चुन्यानं बांधून ठेवलेलं स्फुरद सुटं करतो. आम्लं तयार करायला त्याला कर्ब लागतो. ०.४२ कर्बाच्या, क्षार चढलेल्या, हवा कोंडलेल्या मातीत त्याला सोडणं म्हणजे पाहुण्यांना घरी बोलावून चूल थंड ठेवणं. वर पाणी साचलं की हवेशिवाय जगणारे दुसरेच जिवाणू माजतात, आणि ते तर आपण टाकलेल्या नत्राचा वायू करून उडवून लावतात. खिशातून पैसे गेले आणि पिकाच्या तोंडी काही पडलं नाही, अशी त्या मातीची गत. या रानात, त्या अवस्थेत, बाटलीला पाचपैकी दीड.

माळाबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं, तरी लिहिते. ताकारी योजनेचं पाणी आलं तसे आमच्याकडचे माळ फुटायला लागले. आमचा माळ वाटणीत दोन भागांत आहे. भाऊजींनी त्यांचा भाग पोकलेन लावून सपाट केला आणि ऊस लावला. आमच्या भागात अजून गवत आहे, पवना, मारवेल, कुसळी, म्हशींसाठी कापून आणतो. भाऊजींची पहिली दोन पिकं अशी आली की गाव बघायला आलं. "माळाला नुसतं पाणी पाहिजे हुतं," असं सगळे म्हणाले. तिसऱ्या-चौथ्या पिकापासून उतार सुरू झाला, पोती वाढत गेली, उत्पन्न मात्र परत वर चढलं नाही.

ती पहिली दोन पिकं जोरदार का आली? गवताच्या मुळांनी कित्येक वर्षं तिथं कर्ब साठवला होता. जमीन उलथली, हवा लागली, जिवाणूंनी तो साठा धडाक्यात खाल्ला, आणि त्यातून सुटलेलं अन्न उसाला मिळालं. साठा संपला तसं पीकही बसलं. दोन्ही बाजूंची माती मी एकाच दिवशी तपासायला दिली. गवताकडे कर्ब ०.९१, बांधापलीकडे ०.४९. मधे फक्त एक दगडी बांध.

गवताकडची माती उकरली की ती कणीदार निघते, आणि नीट पाहिलं तर कणांमध्ये बारीक पांढरे धागे असतात. बुरशीचे. यातल्या मायकोरायझा जातीच्या बुरशा मुळांशी जोडलेल्या असतात. मूळ जिथं पोचत नाही तिथलं स्फुरद आणि पाणी आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. त्यांच्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. रोटाव्हेटर हे जाळं दर हंगामाला तोडतो, आणि डीएपी ढिगानं पडलं की झाडालाही बुरशीची गरज उरत नाही, ते तिला पोसत नाही. भाऊजींनी नंतर बाजारातलं दाणेदार मायकोरायझा टाकलं. टाकलं त्याच हंगामात भरणीला पूर्ण डीएपी आणि दोनदा रोटाव्हेटर. त्याचा परिणाम त्यांना दिसला नाही. त्या दाण्यांना मी दोष देणार नाही. आमच्या गवताला मी कुठलीही बाटली घातलेली नाही आणि घालणारही नाही. ज्यांचा माळ अजून शाबूत आहे त्यांनी तो फोडण्याआधी त्याची माती एकदा तपासून घ्यावी, एवढी कळकळीची विनंती आहे.

माझ्या मुलाला हे सगळं 'आईचं निरीक्षण' वाटत होतं. म्हणून त्याच्या सांगण्यावरून मांजरपाटाचे एकाच थानातले सारखे तुकडे चारही रानांत वीतभर खोल पुरले, आषाढात, एकाच आठवड्यात, खुणेला नायलॉनची दोरी बांधून. जिवाणू आणि बुरशा सुती कापड खातात, त्यामुळे जिथं त्यांची वस्ती दाट तिथं कापड लवकर संपतं. श्रावण सरल्यावर काढले. गवतातला तुकडा उचलतानाच हातात चिंध्या आल्या. मधल्या पट्टीतला चाळणीसारखा. बागेच्या तुकड्यातला ठिकठिकाणी विरलेला, पण अखंड उचलता आला. उसातला जवळजवळ आख्खा निघाला, काळे डाग पडलेला, गटारासारखा वास. हा प्रयोग फुकट आहे, कुणीही करावा. फक्त सगळे तुकडे एकाच वेळी पुरा, नाहीतर ओलाव्याच्या फरकानं फसगत होते.

इथं माती परीक्षणाच्या सेवेबद्दलही सांगते. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. तिच्यावर बारा गोष्टी असतात, सामूपासून बोरॉनपर्यंत. जिवंत जीवांची मोजणी त्यात नाही. तरी कार्ड निरुपयोगी नाही. जिवाणू खत घेण्याआधी त्यातल्या दोनच ओळी वाचा, सेंद्रिय कर्ब आणि क्षारता. कर्ब ०.४ च्या आसपास आणि क्षारता १ च्या वर असेल तर आधी चर काढा, शेणखत टाका, ताग गाडा. बाटली मागाहून. नमुना घेताना मात्र बांधाजवळची, खताच्या ढिगाखालची, झाडाखालची माती घेऊ नका. आणि एकाच गटात ऊस आणि सोयाबीन असेल तर दोन वेगळे नमुने द्या. आमच्याकडे नमुने गोळा करणाऱ्यानं एकदा अख्ख्या गटाचा एकच नमुना नेला होता. त्या कार्डावरचा आकडा दोन्हीपैकी कुठल्याच रानाचा नव्हता.

काळ्या रानाचं पुढं काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण पाचट कुजवायच्या संवर्धनाचा अनुभव तिथलाच आहे. आम्ही पाचट पेटवणं बंद केलं. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते पेटवलं की त्यातला नत्र आणि कर्ब धुरात जातो. आता तोडणीनंतर एका आड एक सरीत पाचट दाबतो, एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि चार किलो संवर्धन शेणात कालवून त्यावर पसरतो, मग पाणी. युरिया कशाला, असं बायका विचारतात. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडा. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र कमी पडला की ते मातीतला ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. थोडा युरिया आधीच दिला की ही ओढाताण होत नाही.

पहिल्या वर्षी पाचट अर्धवट राहिलं, उंदीर झाले, शेजाऱ्यांनी नावं ठेवली. दुसऱ्या खोडव्यापासून ते पावसाळ्याआधीच काळं होऊन मातीत मिसळायला लागलं. ठिबक केलं, खालच्या टोकाला चर काढून पाणी ओढ्याला लावलं. सोयाबीनची एक फेरपालट घेतली, कारखान्याचा हप्ता बुडाला म्हणून घरात कुरकुर झाली. काही वर्षांनी कर्ब ०.५३ वर आला आणि क्षारता एकच्या खाली. मांजरपाट पुन्हा पुरला तेव्हा त्याला भोकं पडलेली निघाली. त्यानंतरच्या लागणीला तेच अ‍ॅसिटोबॅक्टर, तेच पीएसबी, तीच पद्धत. या वेळी युरिया एक तृतीयांशानं कमी केला, आणि खालच्या अंगालाही फुटव्यांची संख्या वरच्या अंगाइतकीच भरली. दीड गुण दिले होते त्याच मालाला या वेळी चार देते.

मुलाचा पुढचा प्रश्न होता, शेणखत कुठं परवडतं, रासायनिक खतं बंद करायची का? नाही, आम्ही बंद केलेली नाहीत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून देशात ठिकठिकाणी चालू आहेत, त्याच वाफ्यात दरवर्षी तेच खत. नुसता नत्र देत गेलेल्या वाफ्यांचं उत्पादन घसरत गेलं. नत्र-स्फुरद-पालाश आणि जोडीला शेणखत दिलेल्या वाफ्यांचं टिकलं, कर्बही वाढला. तोच रस्ता आम्ही धरला आहे. पोती कमी, शेणखत आणि पाचट जास्त, जिवाणू त्यांच्या जोडीला.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं. सोयाबीन किंवा हरभरा पहिल्यांदाच करताय, तर त्या-त्या पिकाचं रायझोबियम जरूर घ्या. फेरपालट नियमित असेल तर घेतलं तरी चालेल, राहिलं तरी चालेल. ऊस असेल आणि पाचट पेटवत असाल, तर या वर्षी फक्त कुजवायचं संवर्धन घ्या, बाकी बाटल्यांचे पैसे चर काढायला ठेवा. द्राक्षबाग चालू असेल तर बोर्डो आणि जिवाणूंची आळवणी यांच्यात चांगलं अंतर ठेवा, आणि कार्डावरच्या तांब्याच्या ओळीकडे दरवर्षी लक्ष द्या.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी बुरशी, मी यंदा पहिल्यांदाच हळदीच्या बेण्याला लावलं आहे. कंदकुजीवर त्याचा काय उपयोग होतो ते काढणी झाल्यावरच लिहीन.